खोतीणबाई आणि दाराची कडी

क्रूसावर काळी शाई फिरवावी ती आमच्या खोतीणबाईंनीच. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी इतिहासाच्या पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्या टेबलावर येऊन पडत. मध्ययुगीन युरोपच्या धड्यात चर्चचं एक चित्र होतं. त्यात जिथे जिथे क्रूस दिसेल तिथे मार्कर फिरवायचं काम बाईंकडे असे. सौदी अरेबियात, जेद्दातल्या आमच्या शाळेत ती रीतच होती, कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. दुसरी कुणी असती तर अख्खं चित्र काळं करून मोकळी झाली असती. बाई मात्र चष्मा कपाळावर चढवायच्या, पुस्तक नाकाशी धरायच्या आणि क्रूस तेवढाच झाकायच्या. कमानी, खिडक्या, पायरीवर बसलेला भिकारी, दाराची लोखंडी कडी, सगळं शाबूत. "हुकूम क्रूसाचा आहे," त्या म्हणायच्या, "भिकाऱ्याचा नाही."

त्यांना खोतीणबाई म्हणायचे, पण खोतांशी त्यांचं नातं होतं ते उलट्या बाजूचं. त्या रत्नागिरीच्या खाडीपलीकडच्या. नवरा जेद्दात एका लाकडाच्या व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळायचा आणि बाई आमच्या शाळेत, मुलींच्या विभागात, इतिहास शिकवायच्या. शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मल्याळी, हैदराबादी, लखनवी आणि आम्ही सात-आठ कोकणी मुली. लॉर्ड, मॅनर, सर्फ असले शब्द आले की वर्गात कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. मग बाई पुस्तक मिटायच्या. "लॉर्ड म्हणजे खोत. मॅनर म्हणजे खोताचा गाव. सर्फ म्हणजे कूळ, पण गाव सोडायची मुभा नसलेलं. आणि वेठ म्हणजे वेठ. तिला इंग्रजीत काहीही म्हणा, पाठ तेवढीच मोडते." हे सगळं मराठी, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ करून.

परिणाम व्हायचा तो झालाच. शाहिना नावाची माझी मैत्रीण, कोळीकोडची. मराठीचं अक्षर तिला येत नव्हतं. तिने चाचणीच्या पेपरात इंग्रजीत लिहिलं की खोत किल्ल्यात राहत असे, त्याच्याकडे घोडे असत आणि लढाईच्या वेळी तो चिलखत घाली. बाईंनी बरोबरची खूण केली. पेपर फेरतपासणीला गेले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून विचारलं, "हू इज धिस मिस्टर खोत?" बाई शांतपणे म्हणाल्या, "अ व्हेरी ओल्ड फॅमिली, मॅडम." स्टाफरूममधून ही गोष्ट तासाभरात सगळ्या शाळेत झाली.

आता खरं सांगते, खोतीणबाई हे नाव मीच पाडलं. मला वाटायचं, माझ्यासारखा हक्क दुसऱ्या कुणाला आहे? आमचे आजोबा खरेखुरे खोत होते. एकदा वर्गात मी तोऱ्यात हात वर करून तसं सांगितलंसुद्धा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ठाऊक आहे गो रझिया. खाडीच्या अल्याड तुमचा गाव, पल्याड आमचा. पेरणीला आधी तुझ्या आजोबांचा मळा नांगरायचा, मग आपला. माझ्या आजोबांचं भात दर वर्षी उशिरा लागायचं. उशिरा लागलेलं उशिराच पिकतं." वर्गात कुणाला काही कळलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई लगेच म्हणाल्या, "आता तोंड पाडून बसू नको. तू थोडीच नांगर धरायला लावलास? दुसरा प्रश्न वाच."

चर्चचा भाग त्या मोठ्या चवीने शिकवायच्या. चर्चकडे जमिनी किती, पिकाचा दहावा हिस्सा कसा जाई, पाद्री खोताच्या पंगतीला कसा बसे, सगळं सांगून झालं की फळ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "पण पोरींनो, चर्चकडे दोन वस्तू होत्या. किल्ली आणि कडी. किल्ली स्वर्गाच्या दाराची. तिच्या जोरावर ते राजालासुद्धा दम द्यायचे. आणि कडी चर्चच्या दाराची, बाहेरच्या अंगाची. मागे माणसं लागलेली असोत, शिपाई लागलेले असोत, पळत आलेल्याने ती कडी धरली की त्याला हात लावायचा नाही. खोताने नाही, राजाने नाही. किल्ली मोठ्यांची, कडी कुणाचीही." मग सगळ्यांनी पुस्तकातलं ते चित्र काढायचं आणि दारावरची कडी बोटाने शोधायची. क्रूस झाकताना बाईंनी ती का जपली होती ते तेव्हा कळायचं.

त्या वर्षी आम्ही मधल्या सुट्टीत खेळच सुरू केला. आमच्या शाळेचं फाटक हिरवं, लोखंडी, चांगलं दोन पुरुष उंच. बाहेरचं काही दिसू नये म्हणून वरपर्यंत पत्रा मारलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठी कडी होती. पकडापकडीत जिच्यावर राज्य असेल तिने पकडायला धावायचं, आणि पळणारीने आतली कडी धरली की ती सुटली. लहान वर्गातल्या मुलींनी खेळ उचलला, आणि "कडी पकड़ी!" हा शब्द हैदराबादी मुलींच्याही तोंडी बसला.

भांडण झालं की निवाडा सालेहचाचाकडे. सालेह आमचा हारिस, म्हणजे फाटकावरचा राखणदार. यमनचा माणूस, कमरेला लुंगी, डोक्याला रुमाल. पंचवीस वर्षं त्याने एकच खुर्ची आणि एकच फाटक सांभाळलं होतं. कुठली मुलगी कुठल्या बसची, हे तिच्या आईपेक्षा त्याला जास्त ठाऊक. दोघी भांडत आल्या की तो बोट उगारून म्हणायचा, "कडी पकड़ी, खलास!" त्याचं हिंदी आमच्याकडूनच शिकलेलं होतं.

सालेह बाईंना अरबीत उस्ताझा, म्हणजे शिक्षिका, म्हणायचा. तो बाईंचा लाडका, त्याला एक कारण होतं. तिथे परदेशी माणूस म्हणजे कुणाच्या तरी नावावर. आमच्या अब्बांचा कफील, म्हणजे हमी घेणारा मालक, होता, बाईंच्या नवऱ्याचा कफील होता, शाळेतल्या झाडूवाल्याचाही होता. कफीलच्या सहीवाचून नोकरी बदलता यायची नाही, गावी जाता यायचं नाही. यमनी लोकांना मात्र त्या काळापर्यंत कफील लागत नसे. ते यायचे, राबायचे, आपल्या नावावर राहायचे. युरोपच्या धड्यात मोकळा शेतकरी आला की बाई खिडकीबाहेर बोट दाखवायच्या. "या आवारात एकच माणूस मोकळा आहे, आणि तो दाराशी बसतो."

मग नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. आम्ही सुट्टीसाठी गावी होतो. परत यावं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली, पण अब्बांची नोकरी बंदरावरची, न जाऊन सांगता कुणाला? परत आलो तेव्हा अर्धा वर्ग रिकामा होता. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या लागल्या, अम्मीने न्हाणीघरात पाण्याचे डबे भरून ठेवले, शाळेत विषारी वायू आला तर ओला टॉवेल तोंडाला कसा बांधायचा ते शिकवलं गेलं. बाईंनी टॉवेलची कवायत संपवली आणि म्हणाल्या, "झालं? आता पान काढा. युरोपातसुद्धा कायम लढाया चालूच होत्या, म्हणून कुणी शेत नांगरायचं सोडलं नव्हतं."

सप्टेंबरात नियम निघाला. यमनच्या सरकारचं आणि तिथल्या सरकारचं कुवेतवरून बिनसलं होतं, आणि त्याचा फटका बसला तो सालेहसारख्यांना. यापुढे यमनी माणसालाही कफील हवा. ठरलेल्या मुदतीत मिळाला तर राहा, नाहीतर देश सोडा. सालेहने हे बाईंना फाटकातच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी वर्गात येऊन हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली, आणि मग नुसत्या बसून राहिल्या. बाई तासाला बसलेल्या आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पदर खोचला. नवऱ्याचा कफील म्हणजे तो लाकडाचा व्यापारी, म्हातारा शेख. त्याच्यासमोर बाई माणूस जाणार कशी? पण शेखच्या म्हाताऱ्या आईकडे बाईंचं जाणं-येणं होतं. ईदेला शेवया घेऊन जायच्या. या वेळी ईद नसताना गेल्या. मग एकदा सांदणं करून नेली, मग खांडवी. म्हातारीने सुनेला सांगितलं, तिने आपल्या मुलाला, त्याने कारभाऱ्याला, आणि कारभाऱ्याने शेखच्या कानावर घातलं. "बघा पोरींनो," बाई आम्हाला बसमध्ये म्हणाल्या, "मोठा खोत, त्याच्याखाली धाकटा खोत, त्याच्याखाली कारभारी. पुस्तकातली ती शिडी आता चढून बघतेय. पाय दुखतात हो." सगळा वेळ एकच घोर, मुदत संपायच्या आत होतंय की नाही.

आणि झालं. शेख राजी झाला. सालेहला आपल्या नावावर घेईन, शाळेतच राहू दे, असं कबूल केलं. त्या दुपारी बाई फाटकापर्यंत अक्षरशः पळत आल्या. एवढ्या भारदस्त बाई, अबाया सावरत! मी फाटकाशी बसची वाट बघत उभी होते, म्हणून सगळं माझ्या कानांवर पडलं. "सालेह, काम हो गया! शेख मान गया. कल पासपोर्ट लेके जाओ, उसके ऑफिस में रख देना."

सालेह खुर्चीवरून उठला. बराच वेळ त्याने नुसते आभार मानले, बाईंचे, शेखचे, शेखच्या आईचे. मग म्हणाला, "नहीं, उस्ताझा."

"नहीं मतलब?"

"पचीस साल मैं इधर अपने नाम पे रहा. मेरा काग़ज़ मेरी जेब में. अब बुढ़ापे में किसका आदमी बनूँ?"

"अरे, सिर्फ काग़ज़ है! शेख अच्छा आदमी है."

"अच्छा है, वल्ला अच्छा है. मगर शेख है." मग त्याने वर, आमच्या वर्गाच्या खिडकीकडे हात केला. "आपकी खिड़की इधर ही खुलती है, उस्ताझा. खोत-वोत, सब सुना है मैंने."

बाई वळल्या. त्या बसमध्ये येऊन माझ्या शेजारी बसल्या, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. विमानतळाचा रस्ता मागे पडला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी खोत शोधायला निघाले होते गो. मी! ज्यांचं भात उशिरा लागायचं त्यांची नात. आणि वर खोत मिळाला म्हणून धावत आले." थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाल्या, "नाव बरोबर पाडलंस माझं." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं! मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं.

मुदतीचे शेवटचे दिवस होते तेव्हा सालेह गेला. मधल्या सुट्टीची वेळ. फाटकाबाहेर एक पिकअप उभी होती, तिच्यावर फ्रिज, गाद्या, शिलाई मशीन आणि त्याचा चुलतभाऊ. सालेहने सगळ्या वर्गांतून फिरून सलाम केला, किल्ल्या नव्या माणसाला दिल्या आणि बाहेर पडून नेहमीच्या सवयीने स्वतःच फाटक ओढून घेऊ लागला. हातभर फट राहिली असेल. बाहेरच्या कडीवर त्याचा हात होता, आणि तो तिथेच राहिला.

तिसरी-चौथीतली एक चिमुरडी ओरडली, "कडी पकड़ी! चाचा ने कडी पकड़ी!" मग काय, सगळं मैदान धावलं. "अब कोई नहीं ले जा सकता! खलास, खलास!" शंभर पोरी टाळ्या पिटत होत्या. सालेह हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात कडीवरच होता. आम्ही मोठ्या मुली मात्र गप्प. मी वळून पायऱ्यांकडे पाहिलं. खोतीणबाई तिथे उभ्या होत्या, जागच्या हलल्या नाहीत. नवा हारिस पुढे व्हायला लागला तसं त्यांनी हात करून त्याला थांबवलं. "रहने दो. वो खुद छोड़ेगा."

पिकअपचा भोंगा वाजला. "यल्ला, सालेह," चुलतभावाने हाक मारली. सालेहने हात काढला आणि तो गेला.

पुढचा तास आमचाच होता. बाईंनी पुस्तक उघडलं नाही. "चर्चच्या कडीचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "उरलेलं लिहून घ्या. इंग्लंडात कडी धरलेल्या माणसाला चाळीस दिवस मिळायचे. फक्त चाळीस. त्यानंतर त्याने देश सोडायचा. अनवाणी चालत, सांगितलेल्या बंदरावर जायचं आणि मिळेल त्या पहिल्या जहाजात चढायचं. जहाज नसलं तर रोज समुद्रात गुडघाभर पाण्यात उतरून उभं राहायचं. जायची तयारी आहे हे दिसावं म्हणून." आम्ही लिहीत होतो. शाहिना रडवेल्या आवाजात म्हणाली, "टीचर, पहले क्यों नहीं बताया?"

"क्योंकि तुम लोग खेल रही थीं," बाई म्हणाल्या.

डिसेंबरच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. चर्च लोकांना आधार कसा देत असे? मी पानभर लिहिलं. किल्ली लिहिली, कडी लिहिली, पायरीवरचा भिकारीसुद्धा लिहिला. चाळीस दिवस लिहिले नाहीत. पेपर हातात आला तेव्हा दोन मार्क कापलेले, आणि समासात लाल शाईने, मराठीत, तीन शब्द: "आणि चाळीस दिवस?" माझा संताप झाला. मी तडक स्टाफरूममध्ये गेले. "बाई, मला येत होतं. मी मुद्दाम नाही लिहिलं."

"म्हणूनच कापले," बाई म्हणाल्या. "विसरली असतीस तर दिले असते."

जानेवारीत, लढाई पेटायच्या आधी, अब्बांनी आम्हाला गावी पाठवलं. मी पुन्हा त्या शाळेत गेले नाही. निरोप घ्यायला गेले तेव्हा बाई पुढच्या वर्षीच्या पुस्तकांचा गठ्ठा सोडत होत्या, हातात मार्कर होता. म्हणाल्या, "पुढचा धडा घरी वाच. शहरं कशी वाढली तो. कूळ पळून शहरात गेलं आणि एक वर्ष आणि एक दिवस टिकलं की मोकळं व्हायचं. चांगला धडा आहे." एवढाच निरोप.

मी डॉक्टर झाले, रत्नागिरीतच. कॅन्सरचे पेशंट बघते. या कामात अर्धं सांगायची फार सवय लागते. नवं औषध आलंय, गुण येतो, हिंमत धरा, हे सगळं खरंच असतं, पण ते अर्धं. नातेवाइकांचे चेहरे उजळलेले बघून उठावंसं वाटतं आणि तेवढ्यात समासातली ती लाल शाई आठवते. मग पुन्हा बसून उरलेलं सांगते. किती जणांनी त्यासाठी मला शिव्या दिल्या असतील देव जाणे.

आणि एके दिवशी सकाळी बाईच समोर येऊन बसल्या. नवरा मागेच वारला होता, त्या गावच्या घरी एकट्या राहत होत्या. केस पांढरे, अंगावर मांस उरलेलं नाही, पण चष्मा कपाळावर. मी फाइल बघितली आणि पुन्हा पहिल्या पानापासून बघितली. मग मी बोलायला लागले. इंजेक्शनं आहेत, आता पूर्वीसारखा त्रास होत नाही, दर पंधरवड्याला यायचं, माझ्या ओळखीची एक बाई पाच वर्षं ठणठणीत आहे... मी भराभर बोलत होते. बाई वर्गात उत्तर ऐकायच्या तशा, मान किंचित कलती करून, ऐकत होत्या.

माझं संपलं तेव्हा म्हणाल्या, "आणि चाळीस दिवस?"

मी फाइल मिटली. मग मी सांगितलं, सगळं. किती महिने, कसे, शेवटी काय होईल ते. इंजेक्शनांनी त्यात कितीशी भर पडेल तेही सांगितलं. काही गाळलं नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग ते दर पंधरवड्याला येऊन गुडघाभर पाण्यात उभं राहणं नको. दुखेल त्याची गोळी दे, मी घरी जाते." मी समजूत घालायला तोंड उघडलं आणि मला सालेह आठवला. मी कागद ओढला आणि गोळ्या लिहून दिल्या.

त्या उठल्या, हळूहळू दारापर्यंत गेल्या. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. दम लागला असेल. मी जागेवरून उठले नाही. नुसतं म्हटलं, "कडी धरलीत, बाई."

त्यांनी वळून पाहिलं आणि हसल्या.

"सोडते गो," म्हणाल्या, आणि हात काढला.